कुलूप कशाला?

बारा वर्षांच्या मुलीने ‘पण लक्षात कोण घेतो?’ हाती घेतले, की ‘हे तुझ्या वयाचे नव्हे’ असे म्हणून ते आजही काढून घेतले जाते. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी प्रौढांसाठी लिहिली, हे खरे. पण तिची नायिका यमू लहान वयातच बोहल्यावर चढते. कादंबरी प्रसिद्ध होत होती त्याच सुमारास, १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर नेले आणि तेवढ्यानेही समाज खवळला. जे दुःख त्या वयाच्या मुलींनी भोगले, ते आजच्या मुलीने वाचूही नये काय? हिणकस पुस्तके दूर ठेवणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच होय; परंतु सरसकट कपाटाला कुलूप घालणे म्हणजे कर्तव्य टाळणे. पालकांनी पुस्तक हिसकावू नये, मुलांशेजारी बसून ते वाचावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.