आईवडिलांच्या उपचारांचाही करार व्हावा

माननीय परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांस,


लेकीच्या बाळंतपणासाठी, नातवंडं सांभाळण्यासाठी पुण्या-नाशकातून, सांगली-कोल्हापुरातून ब्रिटनला जाणाऱ्या आईवडिलांच्या वतीनं हे लिहितो आहे. बहुतेकजण साठीपुढचे असतात. सामानात डिंकाच्या लाडवांशेजारी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या असतात.

तिथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, त्यांना दारातून परत पाठवत नाही. अपघात विभागात मोफत उपचार होतात. पण रुग्णाला दाखल करून घेतलं की खर्च सुरू होतो, आणि इंग्लंडमध्ये आपल्यासारख्या पाहुण्यांना मूळ दराच्या दीडपट बिल लागतं. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, हे त्या व्यवस्थेचं मोठेपण. बिल मात्र मागाहून येतंच, आणि 500 पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

विमा काढावाच. पण बऱ्याच प्रवासी विम्यांत जुने आजार वगळलेले असतात, आणि या वयात माणूस अडतो तो बहुधा जुन्या दुखण्यानंच. शेंगेन देश 30,000 युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय पर्यटक व्हिसा देत नाहीत. ब्रिटनची तशी सक्ती नाही, म्हणून कित्येकजण विम्याविनाच विमानात बसतात.

यावरचा उपाय जगाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या पाहुण्यांना ब्रिटन परस्पर करारानुसार तातडीचे उपचार मोफत देतो. ऑस्ट्रेलियाचे असे करार 11 देशांशी आहेत; त्यांत भारत नाही. 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार करताना, तिथे तात्पुरत्या कामासाठी जाणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट देण्याचं आपल्या सरकारनं मान्य करून घेतलं. उत्तम झालं. पण त्याच नोकरदारांच्या आईवडिलांचं काय?

दूतावासांकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो अडलेल्याला, परिस्थिती पाहून मिळतो. पेन्शनवर जगणारा निवृत्त शिक्षक त्यासाठी हात पसरणार नाही, आणि त्याच्यावर ती वेळ येऊही नये.

ब्रिटनशी पुढची बोलणी होतील तेव्हा निदान तातडीच्या उपचारांचा परस्पर करार मांडा. तोवर प्रत्येक पासपोर्टसोबत मराठीत एक पान द्या: कुठल्या देशात सरकारी दवाखान्यात काय मोफत, बिल कधी लागतं, कुठला नंबर फिरवायचा. हे पान छापायला कुठल्याच देशाची परवानगी लागत नाही.

आपला,
एक नागरिक