‘फाइव्ह-एन’ एवढेच लिहून भागणार नाही

जून २०२५मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाख झाली आणि जेम पोर्टलबाहेरच्या खरेदीला मंजुरी देण्याचा अधिकार संस्थाप्रमुखांकडे आला. मागणी जुनी होती, निर्णय योग्यच आहे. तरीही स्फटिकवाढ करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतली तक्रार तीच आहे: माल येतो, सोबत सर्टिफिकेट येते, पण वाढवलेला स्फटिक मापात बसत नाही.

या तक्रारीचे मूळ मागणीपत्रातच आहे. ‘टेल्युरियम, शुद्धता ९९.९९९ टक्के किंवा अधिक’ एवढी एक ओळ लिहिली की तांत्रिक छाननीत सगळेच पुरवठादार पात्र ठरतात. मग एल-वनचा नियम लागतो आणि सर्वांत स्वस्त माल घ्यावा लागतो. लेखाविभागाच्या दृष्टीने पाच नऊ म्हणजे पाच नऊ. त्या उरलेल्या दहा पीपीएममध्ये तांबे आहे की झिंक, हे विचारायला त्या फॉर्मवर रकानाच नाही.

मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचाच हिशेब पाहावा. कॅडमियमचा अंश ०.२ असताना ७७ केल्विनला पट्ट-अंतर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही आत असते, म्हणून तर ८ ते १४ मायक्रॉनचे डिटेक्टर त्यातून बनतात. एका घन सेंटीमीटरमध्ये अणू असतात दहाच्या बाविसाव्या घाताच्या साधारण तिप्पट. फाइव्ह-एन कच्चा माल जसाच्या तसा वापरला तर परके अणू दहाच्या सतराव्या घातात जातात. एन-प्रकारच्या डिटेक्टरला वाहक हवे असतात चौदाव्या-पंधराव्या घातात. सेव्हन-एन मालही इथे काठावरच उभा राहतो.

त्यातही प्रत्येक परका अणू सारखा घातक नसतो. झिंक या घन द्रावणात कॅडमियमच्या जागी निमूट बसते, वाहक वाढवत नाही. तांबे मात्र धातूच्या जागी बसून ग्राही होते, आणि ते कच्च्या मालातूनच येते असे नाही. कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या सबस्ट्रेटमधूनही वर सरकते. पाऱ्याच्या रिक्त जागाही ग्राहीच असल्यामुळे वाढीनंतरच्या पहिल्या हॉल मापनात तांबे लपून राहते. पाऱ्याच्या वाफेत सुमारे २५० अंश सेल्सियसला अनीलिंग करून रिक्त जागा भरल्या की मगच उरलेली अशुद्धी दिसते. हे ठाऊक असूनही अनेक प्रयोगशाळा अनीलिंगपूर्वीच्या एकाच मापनावर लॉट स्वीकारतात आणि सहा महिन्यांनी पुरवठादाराला दोष देतात. ही ढिलाई आता थांबली पाहिजे.

सर्टिफिकेटवरचे ‘मेटल्स बेसिस’ हे दोन शब्दही नीट वाचले जात नाहीत. त्याचा अर्थ ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन मोजलेलेच नाहीत. ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडवर काम करणाऱ्यांना याची किंमत मोजावी लागते. ॲल्युमिनियम ऑक्सिजनला धरून ठेवते, खोल पातळ्या तयार होतात आणि प्रकाशमानता घसरते. याच घन द्रावणात ॲल्युमिनियमचा अंश ०.२२च्या आसपास पोचला की मुद्दाम घातलेले सिलिकॉनही उथळ दाता राहत नाही. डीएक्स केंद्रे इलेक्ट्रॉन अडकवून बसतात.

नायट्रोजनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गॅलियम नायट्राइडचे पट्ट-अंतर ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे गॅलियम आर्सेनाइडच्या दुपटीहून अधिक. तरी गॅलियम आर्सेनाइडमध्ये १ टक्का नायट्रोजन शिरला की पट्ट-अंतर वाढण्याऐवजी ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त कमी होते. त्याच नायट्रोजनने १९७०च्या दशकात गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडच्या नारिंगी-पिवळ्या एलईडी उजळ केल्या, कारण तो किती घालायचा हे तिथे ठरवलेले होते.

फेब्रुवारी २०२५पासून चीनने टेल्युरियम, बिस्मथ आणि इंडियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे. पुरवठादार बदलला की अशुद्धींचा संचही बदलतो, शुद्धतेचा आकडा मात्र तोच राहतो. हैदराबादच्या सी-मेटसारख्या संस्थेने अतिशुद्ध टेल्युरियम, कॅडमियम देशात तयार करण्याचे काम केले आहे. पण मागणीपत्रात मूलद्रव्यवार अटी नसतील, तर असा माल दराच्या तक्त्यात हरणारच.

म्हणून संशोधकांनी नव्या अधिकारांचा उपयोग आधी मागणीपत्र बदलण्यासाठी करावा. तांबे, चांदी, सोडियम, लिथियम यांची कमाल मर्यादा वेगवेगळी लिहावी. ऑक्सिजन आणि कार्बनची स्वतंत्र ओळ घालावी. लॉटवार मास स्पेक्ट्रोमेट्री अहवाल मागावा, आधी नमुना घ्यावा आणि अनीलिंगनंतरचे हॉल मापन पटल्यावरच उरलेली ऑर्डर द्यावी. संस्थाप्रमुखांनी नमुना-तपासणीचा खर्च खरेदीच्याच मंजुरीत धरावा. त्यासाठी वेगळी फाइल फिरवायला लावू नये. पुढच्या अंकापासून हे मासिक वाचकांकडून आलेली लॉटवार मापने, पुरवठादाराचे नाव न देता, सर्टिफिकेटमधल्या आकड्यांशेजारी छापणार आहे. ज्यांच्याकडे अशी मापने वह्यांत पडून आहेत, त्यांनी ती याच महिन्यात पाठवावीत.