नेतृत्व काउंटरवर तपासा

गेल्या महिन्यात एका फार्मसी महाविद्यालयाने मला परीक्षक म्हणून बोलावले होते. विद्यार्थ्यांमधील नेतृत्वगुण तपासायचे होते. कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली शाळकरी मुलांच्या गटांवरील प्रयोगातून नेतृत्वाच्या तीन तऱ्हा मांडल्या : हुकूमशाही, लोकशाही आणि 'चालू द्या, मला काय' म्हणणारी. त्यावरच प्रश्नावली बेतलेली. स्नेहसंमेलन गाजवणाऱ्या एका पठ्ठ्याला सर्वाधिक गुण पडले. टाळ्या मीही वाजवल्या, पण डोळ्यांपुढे दुसरीच मुलगी होती.

आमच्या संधिवाताच्या एका मावशींना शहरातल्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले होते. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर शरीरात रक्त तयार होणेच मंदावते, प्रसंगी जीवही जातो. दवाखान्यातल्या गर्दीत जुनी चिठ्ठी उतरवताना मी 'रोज एक' लिहून बसलो! खालच्या मेडिकलमध्ये डी.फार्म.ची एक मुलगी प्रशिक्षणाला होती. मालक म्हणाले, "डॉक्टरांनी लिहिलंय ना, देऊन टाक." तिने दिले नाही. चिठ्ठी घेऊन जिना चढून आली आणि पेशंटना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "सर, ही आठवड्यातून एकदा असते ना?" मला दरदरून घाम फुटला.

वर्गात ती फारशी बोलत नसे म्हणे. प्रश्नावलीत तिला कितीसे गुण पडले असते?

डी.फार्म.ला पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे आहे. माझ्या मते नेतृत्वाची परीक्षा तिथे घ्यावी. ओळखीचे गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागते, त्याला मुलगा न दुखावता परत पाठवतो का? अक्षर लागले नाही तर अंदाज बांधतो की फोन करतो? २०१४ पासून शेड्यूल एच-वन औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, ती त्याच वेळी भरतो की रात्री आठवून? लेविनची तिसरी तऱ्हा या काउंटरवर माणूस मारू शकते.

अर्थात फोन उचलणारेही नीट हवेत. "तू मला शिकवणार?" असे खेकसणारे आम्हा डॉक्टरांत कमी नाहीत. एकदा असे ऐकलेला मुलगा पुन्हा फोन करत नाही.

त्या मुलीने मावशींच्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल शाईने 'फक्त रविवारी' असे लिहून दिले होते. मावशी अजून तेच पाकीट घेऊन येतात.