तेल खरं, गोष्ट खोटी

पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन आटोपलं की बरेच यात्रेकरू तीनेक किलोमीटरवरच्या उन्हेऱ्याला जातात. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसायचं, कंबर शेकून घ्यायची आणि बाहेर येऊन म्हणायचं, “हलकं वाटतंय.” या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. भांडण आहे ते त्याच्या मागोमाग येणाऱ्या वाक्याशी: “पाण्याने वात ओढून काढला.” वात कुणी ओढलेला नसतो. गरम पाण्याने स्नायू सैलावतात, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, घटकाभर कुणी कामाला हाक मारत नाही. एवढ्यावर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खरं असतं.

मालिशवाला, हाडवैद्य, पंचकर्म केंद्र, शहरातला कायरोप्रॅक्टर या सगळ्यांबद्दल मला हेच म्हणायचं आहे. त्यांच्या हातात गुण आहे. त्यांच्या तोंडातली गोष्ट मात्र बहुतेकदा चुकीची असते, आणि जुनाट दुखण्याच्या माणसाचं नुकसान ही गोष्टच करते.

आधी त्यांची बाजू. ते म्हणतात, तुमची शीर आखडली आहे, मणका सरकला आहे, गाठी झाल्या आहेत. त्या फोडल्या आणि मणका जागेवर बसवला की दुखणं जाईल. पुरावा काय, तर गावोगावची बरी झालेली माणसं. हा पुरावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाठीत उसण भरली की आपल्याकडे पायाळू शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते म्हणतात, आणि उतरतेही. कारण नव्याने भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपणच उतरते. शिवाय माणूस उपायाला धावतो तो कळ सर्वांत जास्त असते तेव्हा. तिथून पुढे ती ओसरणारच असते. पायाळू घरी नसता तरी ओसरली असती.

खरी गफलत पुढे होते. उसणीत कमावलेलं हे यश जुनाट दुखण्याच्या खात्यावर जमा केलं जातं. 3 महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं, आणि त्याची चाल निराळी असते. मूळ इजा पुष्कळदा भरून आलेली असते किंवा मुळात फारशी नव्हतीच. पण मज्जासंस्था इतकी हळवी झालेली असते की साध्या हालचालीलाही ती धोक्याची घंटा वाजवते. इथे एका लाथेत किंवा एका झटक्यात काही होत नाही. पाच वर्षांची कंबर पाच मिनिटांत ‘बसवून’ देणाऱ्याला तुम्ही उसणीच्या भावाने पैसे मोजत असता.

आता त्या सरकलेल्या मणक्याकडे. पाठीचे मणके जाड बंधांनी आणि स्नायूंनी इतके घट्ट जखडलेले असतात की साध्या वाकण्या-उचलण्याने ते एकदम जागा सोडत नाहीत. आणि खरोखर सोडलीच, तर ते काम डॉक्टरचं, चटईवर बसलेल्या माणसाचं नव्हे. मान किंवा कंबर मोडताना जो ‘कट्ट’ आवाज येतो, तो हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी झाला की तिथे वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. 2015 साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचा सांधा कडकडताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं. गाठी फोडण्याचंही तसंच. मांडीच्या बाजूचा जाड पडदा किंवा तळपायाचा पडदा एक टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा, तरी माणसाच्या हाताला झेपणार नाही एवढा जोर लागेल, असं गणित 2008 सालीच मांडून झालं आहे. बोटांखाली जे मऊ पडत जातं, ते स्नायूचं आखडणं सैल होणं असतं. मालिशने ‘विषद्रव्यं’ बाहेर पडतात म्हणणाऱ्याला एकच विचारावं: कोणतं द्रव्य, आणि कुठून बाहेर? श्रमाने साठणारं लॅक्टिक आम्ल तर विश्रांती मिळाली की तासा-दोन तासांत आपोआप निघून जातं. त्याला तेल लागत नाही.

आणि ‘जितकं कळवळाल तितका गुण’ हा समज तर सरळ घातक आहे. आधीच हळव्या झालेल्या मज्जासंस्थेला आणखी भेदरवून ती शांत कशी होईल?

इथवर वाचून डॉक्टर मंडळी खूश झाली असतील. त्यांनी थोडं थांबावं. मणका सरकल्याची गोष्ट त्यांनीही सांगितली आहे, फक्त एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून. “गादी घसरली आहे, झीज झाली आहे, पुढे वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, जड उचलायचं नाही.” 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कसलीही पाठदुखी नसलेल्या 3,110 लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली निघाली. गादी फुगलेली दिसली विशीत 30 टक्क्यांना, ऐंशीत 84 टक्क्यांना. दुखत कुणाचंच नव्हतं. म्हणजे फिल्ममध्ये दिसणारी झीज पुष्कळदा केसांच्या पांढरेपणाइतकीच वयाची खूण असते. पण ती पाहून घाबरलेला माणूस वाकणं सोडतो, स्नायू गळतात, आणि महिनाभराने खरंच वाकवत नाही. हाडवैद्याने घातलेली भीती आणि दवाखान्याने घातलेली भीती, दोघींची जात एकच.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा: मग हे सगळं थोतांडच, मालिशचा पैसा पाण्यात. हेही खोटं. अमेरिकेत सिॲटलला जुनाट कंबरदुखीच्या 401 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2011 साली तो प्रसिद्ध झाला. काहींना नेमक्या स्नायूंवर काम करणारी खास मालिश दिली, काहींना नुसती आरामाची, उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. आठवड्याला एक याप्रमाणे 10 आठवड्यांनंतर मालिश घेतलेल्या दोन्ही गटांचं दुखणं आणि अडलेपण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट कमी होतं. फायदा सहा महिने टिकला, वर्षभराने जवळपास विरला. आणि गाठ शोधणाऱ्या हातात आणि नुसत्या फिरणाऱ्या हातात सांगण्याजोगा फरक निघाला नाही! मालिश खोटी म्हणणाऱ्यांना आणि ‘नेमकी शीर फक्त मलाच सापडते’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही या एका अभ्यासात उत्तर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. पुरावा भक्कम नाही हे कबूल करून तिने मालिशला आणि मणक्यावरच्या हस्तोपचाराला सशर्त जागा दिली. सरसकट वापरू नका असं सांगितलं ते कंबरपट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि त्वचेवरून सौम्य वीज सोडणाऱ्या टेन्सच्या यंत्राबद्दल. गावठी म्हणून हिणवलेलं तेल यादीत राहिलं आणि दवाखान्यातली दिवे लुकलुकणारी यंत्रं बाहेर गेली, याची थोडी गंमत वाटते.

हात लागल्याने दुखणं का कमी होतं, याचा धागाही हाती आहे. डोकं आपटलं की आपण ते चोळतो. चोळण्याची संवेदना पाठीच्या कण्यातच वेदनेची वाट अडवते, अशी मांडणी मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 साली केली. पुढे त्वचेत असे तंतू सापडले की जे सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर अशा संथ, कोमट स्पर्शालाच सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. आजी पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच.

मग मालिशला जाताना काय धरून जावं? पहिल्यांदा, अंगाला हात लावण्याआधी तुमची चौकशी व्हायला हवी. पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि उतरत जाणारं वजन असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची शंका आधी घ्यावी लागते. लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद जाणं, यात एक दिवसही घालवायचा नाही; थेट मोठं रुग्णालय. एक पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळायची नाही, आत रक्ताची गाठ असू शकते. हाडं ठिसूळ झालेल्यांनी झटके घेऊ नयेत, आणि मानेला झटका तर कुणीच देऊन घेऊ नये. मेंदूकडे जाणारी रोहिणी त्यात फाटल्याची उदाहरणं आहेत. हे सारं न विचारता थेट तेलाची बाटली उघडणाऱ्याकडून उठून यावं. अभ्यंग रोज करा म्हणणाऱ्या वाग्भटानेही अष्टांगहृदयात अजीर्ण झालेल्याला आणि कफ वाढलेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलाच आहे.

दाब ‘गोड दुखण्या’इतका असावा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर ते एक-दोन दिवसांत जायला हवं. तीन-चार खेपांनंतर हिशेब मांडावा, पण ‘किती दुखतंय’ याचा नव्हे. झोप सलग लागते का, हंडा उचलता येतो का, वाकणफाट्यापासून पालीपर्यंत एसटीत बसवतं का, हे पाहावं. काहीच हललं नसेल तर थांबावं. हललं असेल तर मालिशने मिळालेले ते मोकळे तास चालण्यात, हळूहळू वाकण्याच्या सरावात घालवावेत, पलंगावर नव्हे. किती वेळा यावं लागेल आणि कधी थांबायचं, असंही विचारावं. उत्तर ‘कायमच’ आलं, तर मालिशवाल्याला तुमच्या पाठीपेक्षा तुमचं येणं महत्त्वाचं आहे.

यावर एक आक्षेप असा येतो की त्याच्यापुढे माझीही तलवार थोडी बोथट होते. सुधागड तालुक्यात आषाढ-श्रावणात लावणीला उतरलेली बाई दिवसभर चिखलात ओणवीच असते. तिला कसला वाकण्याचा सराव सांगता? खरं आहे. शहरातल्या खुर्चीवरच्या माणसाला दिलेला सल्ला तिला लागू पडत नाही. तिचं दुखणं हालचालीच्या अभावाचं नाही, एकाच हालचालीच्या अतिरेकाचं आणि विश्रांतीच्या अभावाचं आहे. रात्री जावेने किंवा मुलीने तेल लावून दिलं तर दिवसभरात तिच्या वाट्याला आलेली ती एकमेव स्वस्थ घटका असते, तिला मी नावं ठेवणार नाही. निर्गुडीच्या पाल्याने शेकावं, मिठाची पुरचुंडी फिरवावी, खुशाल. फक्त ‘तुझा मणका सरकलाय’ असं तिला कुणी सांगू नये, कारण उद्या सकाळी तिला वाकायचंच आहे, आणि ती भीती मनात धरून वाकेल.

तिच्या पाठीचा खरा इलाज शोधायचा तर मालिशवाल्याच्या दारापलीकडे पाहावं लागेल. याच रायगड जिल्ह्यात, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र उभं केलं. कायमचे गादीवाफे, नांगरणी नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही; साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. ते काढलं जमिनीसाठी आणि खर्चासाठी. टोकणीतही वाकावं लागतंच, आणि तणनाशकावरचा भर मला स्वतःला खटकतो. तरी चिखलातलं ओणवं राहून लावणी करण्याचे दिवस त्याने वगळले. पालीच्या बाजूच्या किती खाचरांत ते उतरलं आणि कुठे का अडलं, हे कृषी खात्याच्या माणसाला विचारायला हवं. कंबरदुखीच्या चर्चेत त्याला आजवर कुणी बोलावलेलं नाही.