आम्हाला हमी हवी, मेहेरबानी नको

आमच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत 300 ची. तिचे नाव व्यवसाय कर. हा कर कशासाठी बसवला गेला, हे आमच्या उर्दू शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत कुणी विचारीत नाही.

1972 च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून 1975 साली हा कर आला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराच्या भाकरीचा वाटा उचलावा, हा त्यामागचा न्याय. 1977 चा हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. काम मागा, 15 दिवसांत मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागा. हे आम्हाला मान्यच आहे. तक्रार एवढीच, की वाटा मुंबईनेही उचलला आणि मुंबईतला बेकार मात्र हमीबाहेर राहिला. केंद्राने 2005 साली कायदा केला, तोही ग्रामीण भागापुरताच.

दिंडोशीत सकाळी नाक्यावर बिगारी, गवंडी, रंगारी उभे असतात. दहापर्यंत कुणी बोलावले नाही तर दिवस बुडाला. त्यांचीच मुले आमच्या वर्गात बसतात. या बापांनी काम मागायचे कुठल्या कचेरीत?

आता काही विद्वान म्हणतात, कामाची कटकट कशाला, प्रत्येकाच्या खात्यात ठरावीक रक्कम टाका. त्यावर दुसरे ओरडतात, फुकटच्या पैशाने माणूस आळशी होईल. हा आरोप आम्ही फेटाळतो. 2011-12 मध्ये ‘सेवा’ने मध्य प्रदेशातल्या गावांत दरमहा पैसे देऊन पाहिले. 2017-18 मध्ये फिनलंडने 2000 बेकारांना दरमहा 560 युरो दिले. माणसे कामधंदा सोडून बसली नाहीत. आणि हजरत उमर (र.) यांनी तान्ह्या मुलांनाही बैतुलमालमधून वजिफा दिला, हे आम्हीच विसरलो काय?

आमचे भांडण पैशाशी नाही, मेहेरबानीशी आहे. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये आले. आमच्या गल्लीतही चुली पेटल्या, हे आम्ही नाकारीत नाही. निवडणुकीत 2100 चे आश्वासन मिळाले. निवडणूक झाल्यावर छाननी आली आणि लाखो नावे वगळली गेली. जे एका शासन निर्णयाने मिळते ते दुसऱ्याने जाते. जे कायद्याने मिळते त्यासाठी निदान दाद मागता येते.

हदीसमधला किस्सा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. एक गरजवंत मागायला आला. पैगंबरसाहेबांनी (स.) त्याची घोंगडी आणि प्याला दोन दिरहमला विकला. एका दिरहमचे धान्य घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि पंधरा दिवस लाकडे तोडायला पाठवले. तिथे धान्य की कुऱ्हाड असा वाद झाला नाही. दोन्ही दिले. आज सरकार धान्याचा दिरहम देते आणि कुऱ्हाडीचा ठेवून घेते. आपल्या जमाती तरी काय करतात? रमजानमध्ये राशनच्या पिशव्या वाटतात, फोटो काढतात. पुढचे अकरा महिने कुणी विचारीत नाही.

कुणी म्हणेल, हमी म्हणजे फावडे आणि घमेले. आमची माणसे जरीकाम, शिलाई करणारी, बायका घरी बसून काम करणाऱ्या. मग शहरात शाळांचे गणवेश शिवायचे नाहीत? बालवाड्या, म्हाताऱ्यांची देखभाल, नाल्यांची डागडुजी, हे काम नव्हे? राजस्थानने 9 सप्टेंबर 2022 रोजी शहरांसाठी 100 दिवसांची हमी सुरू केली. जिथे ही कल्पना जन्मली, त्या महाराष्ट्राला ते का जमू नये?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. मुंबईतल्या बेकाराला कायद्याने काम द्या. 15 दिवसांत देता आले नाही तर भत्ता द्या. ज्याच्याने काम होत नाही त्याला कायद्यानेच वजिफा द्या. आणि पुढच्या वेळी मत मागायला कुणी आपल्या मोहल्ल्यात आला, तर कब्रस्तानच्या भिंतीआधी त्याला हे विचारा. कर आम्ही भरतोच आहोत.