पहिल्या वाक्यापाशी

आपल्या महाविद्यालयांतून साहित्य शिकवले जाते, परंतु साहित्यकृतीचा आरंभ क्वचितच शिकवला जातो. याचे कारण अध्यापकांच्या अनास्थेत जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, क्रमिक पुस्तकांच्या घडणीत आहे. शालान्त परीक्षेपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती पडतात ते बहुधा उतारे: कादंबरीच्या मधल्याच प्रकरणातून काढलेली चार पाने, वर लेखकाचा परिचय, खाली शब्दार्थ आणि स्वाध्याय. लेखकाने विचारपूर्वक बसवलेले दार सोडून विद्यार्थ्याला खिडकीतून आत उतरवण्याचा हा प्रकार आहे. पुढे पदवीच्या वर्गाला अखंड कादंबरी नेमली जाते, तेव्हा गाइड हाताशी असते. आणि गाइडचा आरंभ होतो तो लेखकाच्या जन्मगावापासून.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन साधे आहे. आमच्या वर्गातला विद्यार्थीही विधाने वाचतो. परंतु विधान कोण करीत आहे, कोणाच्या वतीने करीत आहे आणि त्यात काय गृहीत धरले आहे, हे विचारण्याची त्याला सवय नसते. छापलेले ते पाठ करावयाचे, एवढेच तो शिकून आलेला असतो. ही खोड मोडण्यास चांगल्या कादंबरीच्या पहिल्या वाक्याइतके सोयीचे साधन मला दुसरे दिसत नाही.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी धनवान अविवाहित पुरुषाच्या विवाहाविषयी, जगन्मान्य सिद्धान्ताच्या थाटात केलेले एक विधान आहे. आमचे विद्यार्थी ते मागणीच्या नियमासारखे वहीत उतरवून घेतील. मग फळ्यावर काही तपशील लिहावेत. बेनेट कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे दोन हजार पौंड, मुली पाच, मुलगा नाही, म्हणून वडिलांच्या पश्चात मिळकत जाणार दूरच्या एका नातलगाकडे. एवढे लिहून झाले की ते वाक्य आपोआप उलटे फिरते. गरज आहे ती श्रीमंत पुरुषाची नव्हे, मिळकत नसलेल्या मुलींची. आणि सिद्धान्त जगाचा नव्हे, तर उपवर मुलींच्या घरांचा. लेखिकेचा स्वर आणि वाक्याचा अर्थ यांतले हे अंतर ज्याच्या ध्यानात आले, त्याला उपरोधाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. (एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने हक्क देण्यास महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेता आपल्या मुलींना तो उपरोध परका वाटण्याचे कारण नाही.)

मराठीतले उदाहरण घ्यावयाचे तर भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे घ्यावे. ही कादंबरी १९६३ ची. निवेदक आरंभी आपले नाव सांगतो आणि वय सांगतो. वस्तुतः यात काही विशेष नाही. परंतु वय सांगताना तो मध्येच दृष्टान्त देण्याचा एक पुस्तकी शब्द टाकून देतो. विद्यार्थ्यांना सांगावे की, हा एक शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. उरतो तो नोकरीच्या अर्जातला मजकूर. शब्द परत ठेवला की पंचवीस वर्षे हे वयदेखील डळमळू लागते. आपल्याच आयुष्याकडे क्रमिक पुस्तकातले एक उदाहरण म्हणून पाहणारा तरुण समोर उभा राहतो. खानदेशातल्या खेड्यातून शिकण्यासाठी पुण्यास आलेल्या आणि अखेर रिक्त हाताने परतणाऱ्या त्या मुलाची सारी कथा या शब्दात दडलेली आहे. मात्र तसे वाटते ते कादंबरी संपल्यावरच. म्हणून आरंभीचे वाक्य दोनदा शिकवावे लागते: एकदा जूनमध्ये, आणि एकदा पुस्तक संपवून सगळे पुन्हा पहिल्या पानाशी आले म्हणजे.

येथे एका धोक्याची जाणीव दिली पाहिजे. ‘जगातील शंभर श्रेष्ठ आरंभवाक्ये’ अशी यादी करून ती पाठ करून घेणे हा साहित्यशिक्षणाचा नव्हे, सामान्यज्ञानाच्या स्पर्धेचा मार्ग होय. आरंभीचे वाक्य हे सुभाषित नसते. ते लेखकाने वाचकाकडून घेतलेले कर्ज असते, आणि ते कसे फेडले हे पाहण्यासाठी उरलेली तीनशे पाने वाचावी लागतात. शिवाय पुष्कळ थोर पुस्तके अगदी साध्या, बिनचमकदार वाक्याने सुरू होतात. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथाचे पहिले प्रकरण श्रमविभागणीविषयीच्या एका रुक्ष विधानाने उघडले आणि थोड्याच वेळात वाचकाला टाचण्यांच्या कारखान्यात नेऊन उभे केले. तो रुक्षपणाही समजून घेण्याजोगा आहे.

अभ्यासक्रम पुरा करावयाचा असताना एका वाक्यावर तास घालवण्यास सवड कोठे, ही प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. परीक्षेत जे विचारले जात नाही ते वर्गात टिकत नाही, हेही खरे. तेव्हा प्रश्नपत्रिकेत एखाद्या अपरिचित कादंबरीचा पहिला परिच्छेद छापावा आणि पुढे काय घडेल असे वाटते व कोणत्या शब्दांवरून, एवढेच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर गाइडमध्ये मिळणार नाही. गुणदान करणे परीक्षकांना जड जाईल, पण ते जड जाऊ द्यावे. आणि ग्रंथालयांनी नेमलेल्या कादंबरीच्या निदान डझनभर प्रती घ्याव्यात. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला दोन प्रती असल्या, तर वर्षाअखेरीस पहिल्या पानाकडे परतायचे म्हटले तरी ते पान कोणाच्या हाती असणार?