चौथ्या वर्षाचे संशोधन : भिलाईसमोर प्रश्न मार्गदर्शक आणि नीतिमूल्य समितीचा

भिलाई (छत्तीसगड) : पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतंत्र संशोधन करावे, ही अपेक्षा आता केवळ हौशी उपक्रमापुरती राहिलेली नाही, ती अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे. छत्तीसगडने २०२४-२५ या शैक्षणिक सत्रापासून उच्च शिक्षणात राष्ट्रीय शिक्षण धोरण लागू केले. त्या वर्षी प्रवेश घेतलेले विद्यार्थी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचतील. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही हेच वेळापत्रक असल्याने भिलाईतील तयारीचा प्रश्न विदर्भालाही परका नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवीचा मार्ग खुला होतो. चौथ्या वर्षातील ४० पैकी १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पासाठी आहेत. पुढे पदव्युत्तर पदवीविना थेट पीएच.डी.साठी प्रवेश मिळू शकतो. मात्र हा अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी अट आहे. त्यामुळे विद्यार्थी पात्र असूनही त्याचा विभाग अपात्र ठरण्याची शक्यता राहते.

भिलाईत साधनांची वानवा नाही. पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्याच कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र सेक्टर ९ मध्ये आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईचा स्थायी परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. नियतकालिकांची अडचणही कमी होऊ लागली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ६,००० कोटी रुपयांच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. परंतु खासगी महाविद्यालये या कक्षेबाहेर राहिली, तर एकाच शहरात दोन प्रकारचे विद्यार्थी निर्माण होतील.

खरी कसोटी आरोग्य आणि मानसशास्त्राच्या विषयांत लागेल. सिकलसेलचेच उदाहरण पुरेसे आहे. हा आनुवंशिक विकार छत्तीसगड आणि पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. हिमोग्लोबिनमधील बदल हा जीवशास्त्राचा, तपासणी हा आरोग्यसेवेचा, तर ‘वाहक’ ठरल्यानंतर विवाहाच्या वेळी वाटणारी भीती हा मानसशास्त्राचा विषय आहे. पदवीच्या विद्यार्थ्यालाही यावर मर्यादित पण उपयुक्त अभ्यास करता येईल.

पण अशा प्रश्नावलीतून एखाद्या मुलीची वाहकस्थिती उघड झाली, तर नुकसान तिचे होते. विद्यार्थ्याला मात्र श्रेयांक मिळतात. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी नीतिमूल्य समितीची पूर्वपरवानगी आवश्यक आहे. समितीत सात ते पंधरा सदस्य आणि संस्थेबाहेरील अध्यक्ष अपेक्षित असतो. वैद्यकीय संस्थांमध्ये ही व्यवस्था रुळलेली आहे; परिषद १९७९ पासून वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन योजनाही चालवते. कला आणि विज्ञान महाविद्यालयांना मात्र अशी समिती स्वबळावर उभारणे सोपे नाही.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे सामायिक व्यवस्था. दुर्गचे हेमचंद यादव विद्यापीठ आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी एक समिती स्थापन करू शकते आणि रुग्णालय व आयआयटीतील तज्ज्ञांना सहमार्गदर्शक म्हणून जोडून घेऊ शकते. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधन मांडण्याचे व्यासपीठ दिले. मात्र स्पर्धेतील सादरीकरण आणि वर्षभराच्या मार्गदर्शनाखाली केलेला अभ्यास यांत अंतर असते.

ही व्यवस्था २०२७ पूर्वी उभी राहिली नाही, तर बारा श्रेयांकांचा प्रकल्प जुन्या प्रबंधांच्या नकलेवर भागवला जाण्याचा धोका आहे. त्याची किंमत एक वर्ष आणि त्या वर्षाचे शुल्क मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाच चुकवावी लागेल.